राज्याभिषेकाची पावती

६ जून हा दिवस महाराष्ट्रात आता सणासारखा झाला आहे. रायगडावर तारखेचा सोहळा वेगळा, तिथीचा वेगळा. दोन्हींच्या समित्या वेगळ्या आणि दोन्हींकडे हजेरी लावणारे पुढारीही बहुतेक वेगळे. २०२१ पासून सरकारी निर्णयाने जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयांवर ‘शिवस्वराज्य दिन’ साजरा होतो, राजदंड स्वराज्यगुढी उभी राहते. २०२३ साली साडेतीनशेव्या वर्षाची सुरुवात झाली, तेव्हा तर शासनाने रायगडावर तिथीप्रमाणे मोठा सोहळा केला. मी महाराष्ट्राबाहेर ज्या विद्यापीठात शिकते तिथेही मराठी मुलंमुली त्या दिवशी फेटे बांधून जमतात, गारद म्हणतात, फोटो काढतात. त्यातली निम्मी तरी बहुजन घरांतली, पहिल्या पिढीत विद्यापीठाची पायरी चढलेली असतात. त्यांच्या डोळ्यांतला अभिमान खोटा नाही, आणि या लेखाचा त्या अभिमानाशी झगडाही नाही.

माझा प्रश्न साधा आहे. आपण जयंतीला जन्म साजरा करतो. राज्याभिषेक दिनाला नेमकं काय साजरं करतो?

कारण राज्य त्या दिवशी मिळालं नव्हतं. ६ जून १६७४ ला, शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला शिवाजी महाराज सिंहासनावर बसले तेव्हा त्यांच्याकडे गड होते, आरमार होतं, खजिना होता, महसुलाची व्यवस्था होती. अफजलखान, शाहिस्तेखान, आग्रा, दोनदा सुरत, हे सगळं मागे पडलं होतं. दिल्ली आणि विजापूर दोघांनाही त्यांच्या तलवारीची ओळख पटली होती. ओळख पटली नव्हती ती पुरोहितांना. शूद्राला वेदोक्त अभिषेक नाही, कलियुगात क्षत्रियच उरले नाहीत, असं सांगणारे लोक त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच पदरी होते. म्हणून काशीहून गागाभट्टांना आणावं लागलं. भोसल्यांची वंशावळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेऊन भिडवावी लागली. ती कितपत खरी यावर इतिहासकार आजही भांडतात. आणि मे महिन्याच्या अखेरीस, अभिषेकाच्या आठवडाभर आधी, चव्वेचाळीस वर्षांच्या, नातवंडांच्या वयाला आलेल्या राजाची मुंज झाली. इतकी वर्षं संस्कार चुकला म्हणून प्रायश्चित्त झालं. मुंजच नव्हती म्हटल्यावर आधीची लग्नंही मंत्रांच्या हिशेबात अपुरीच. म्हणून संसार करून बसलेल्या राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह लावले गेले.

मग दानधर्म. रायगडावर हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने महाराजांची सोन्याने तुला झाल्याचं आणि ते सोनं सुमारे १६ हजार होनांचं भरल्याचं नोंदवलं आहे. त्यात आणखी एक लाखाची भर घालून ते ब्राह्मणांना वाटलं जाणार होतं, असंही तो लिहितो. सभासद बखर एकूण खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन सांगते. हा आकडा फुगवलेला आहे असं अभ्यासक म्हणतात आणि ते पटतं. पण आकडा कमी धरला तरी व्यवहाराचं स्वरूप बदलत नाही. ज्याच्याकडे राज्य होतं त्याला ते राज्य करायची पात्रता विकत घ्यावी लागली.

आपल्या व्याख्यानांत, पोवाड्यांत, मालिकांमध्ये हा आठवडा गायब असतो. थेट सिंहासन, सप्तनद्यांचं पाणी, तोफांची सलामी. मुंजीचा उल्लेख झालाच तर ‘धार्मिक विधी यथासांग पार पडले’ एवढ्या एका वाक्यात. मला वाटतं, राज्याभिषेकाचा जातीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. राजाला जिथे लागला तिथे कुणब्याला, कुंभाराला, महाराला जातीचा दगड किती लागत असेल, हे त्यावरून मोजता येतं.

बाबासाहेबांनी हे मोजलं होतं. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा प्रसंग पुराव्यासारखा तपासला आहे. उपनयनाचा अधिकार कुणाच्या हातात होता, तो देणारा कोण, नाकारणारा कोण आणि देऊन परत घेणारा कोण, हे त्यांना दाखवायचं होतं. परत घेणारा हा शब्द महत्त्वाचा. कारण १६७४ ला जी पात्रता एवढ्या खर्चाने पदरात पडली ती पुढे टिकलीच नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळात भोसले क्षत्रिय की शूद्र हा वाद पुन्हा पेटला. आणि १८९९ साली कोल्हापुरात, कार्तिक स्नानासाठी पंचगंगेवर गेलेल्या शाहू महाराजांसाठी त्यांचा पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणत होता. का, तर शूद्राला तेवढेच. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, रायगडावरच्या त्या अभिषेकानंतर सव्वादोनशे वर्षांनी. गागाभट्टांनी दिलेली पावती कोल्हापुरात चालली नाही. केसरीने त्या वादात पुरोहितांची बाजू उचलली हेही इथे आठवावं. त्याच्या आधी काहीच वर्षं, १८९६ ला, टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवाजी उत्सव भरला होता. उत्सव आणि पुराणोक्त एकत्र सुखाने नांदत होते.

म्हणून जे लोक राज्याभिषेक हा ‘आम्ही क्षत्रिय आहोत’ याचा दाखला म्हणून मिरवतात त्यांना माझं सांगणं आहे की तो दाखला देणाऱ्यांनीच तो केव्हाच रद्द केला. जो दाखला दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो तो छातीवर लावण्यात काय मिळतं?

शाहू महाराजांचा पुढचा प्रवास मला फार बोलका वाटतो. सुरुवातीला त्यांची मागणी वेदोक्ताचीच होती, म्हणजे ‘आम्हाला वरच्या पायरीवर घ्या’ ही. त्यासाठी त्यांनी राजोपाध्यांची वतनं जप्त केली, पुढे १९२० साली स्वतंत्र क्षात्रजगद्गुरूचं पीठही नेमलं. पण त्यांचं नाव आज ज्याच्यामुळे घेतलं जातं ते वेगळंच काम आहे. १९०२ च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला गेले, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. (राजाचं पोट बिघडलं, शस्त्रक्रिया झाली आणि तो समारंभ ऑगस्टपर्यंत लांबला.) त्याच काळात, २६ जुलै १९०२ ला, करवीर सरकारचा हुकूम निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. सम्राटाच्या राज्याभिषेकाचा तो थाट आज कुणाला आठवत नाही. गॅझेटातला तो हुकूम मात्र माझ्यासारखीच्या फेलोशिपच्या कागदापर्यंत येऊन पोहोचला आहे. वेदोक्ताने एका घराण्याची पायरी बदलली असती. त्या हुकुमाने जिन्यालाच हात घातला.

आता जरा आपल्या घरात पाहू. बहुजन चळवळीत गेली काही दशकं दुसऱ्या राज्याभिषेकाची चर्चा आहे. २४ सप्टेंबर १६७४ ला, अश्विन शुद्ध पंचमीला, निश्चलपुरी गोसावी यांच्या हातून महाराजांनी तांत्रिक, शाक्त पद्धतीने पुन्हा अभिषेक करून घेतला. पहिल्या अभिषेकानंतर बाराच दिवसांत जिजाऊ गेल्या. गागाभट्टांच्या विधीत त्रुटी राहिल्या म्हणून अशुभ घडलं, अशी मांडणी ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ या संस्कृत काव्यात येते. कॉम्रेड शरद पाटलांनी या घटनेचं महत्त्व जोरकसपणे मांडलं. शाक्त मार्गात स्त्रीशूद्रांना दीक्षेचा मज्जाव नव्हता, म्हणून हा ब्राह्मणी परंपरेला दिलेला छेद आहे, हा त्यांचा मुद्दा.  पण काही गावांत मी आता पाहते की ६ जून ‘त्यांचा’ आणि २४ सप्टेंबर ‘आपला’ अशी वाटणी होऊ लागली आहे. मला ती मान्य नाही. निश्चलपुरीही विधी करणारेच होते; शकुन-अपशकुन सांगून आपला विधी पटवणारे. एका पुरोहिताच्या जागी दुसरा आणला म्हणजे पुरोहिताची गरज संपली असं होत नाही. महाराज दोन्ही विधींना बसले, कारण त्या काळात राजा म्हणून उभं राहायला त्यांना दोन्हींचा उपयोग होता. त्यांच्या शहाणपणाचा तो भाग. आपण त्यातून आपल्या सोयीचा विधी निवडून त्याची पूजा मांडावी, यात चळवळीला काय मिळणार?

संशोधनासाठी मी मराठवाड्यातल्या काही गावांत उत्सवांच्या मिरवणुका पाहते. गणपती, जयंत्या, उरूस, वराती. कुठल्या मिरवणुकीला कुठला रस्ता मिळतो, याची मी वहीत नकाशे काढून नोंद ठेवते. गावाचं नाव इथे देत नाही, पण एका गावातला ६ जून सांगते. सकाळी ग्रामपंचायतीपुढे गुढी उभी राहिली. फ्लेक्सवर महाराज सिंहासनावर, खाली ‘अठरापगड जातींचे स्वराज्य’ अशी ओळ, आणि तिच्याखाली मावळ्यांची चित्रं, प्रत्येकाच्या नावापुढे कंसात जात. संध्याकाळी पालखी. पुढे हलगीवाले, सगळे मातंग वस्तीतले. त्यांना सुपारी दिलेली, म्हणजे ते वाजवायला आले होते, समितीत नव्हते. वर्गणी मात्र सगळ्या वस्त्यांतून गोळा केलेली, बौद्ध वस्तीतूनही. पालखी मारुतीच्या पारावरून, पेठेतून, वेशीपर्यंत गेली आणि परत फिरली. मागासवर्गीयांच्या दोन्ही वस्त्या वेशीच्या पलीकडे आहेत.

मी समितीतल्या एका तरुणाला विचारलं, पालखी तिकडे का नाही नेली? तो चांगला मुलगा आहे, एमपीएससी करतो, माझ्याशी आदराने बोलतो. म्हणाला, “ताई, रस्ता खराब आहे. आणि त्यांची जयंती असतेच की एप्रिलात.” मग एप्रिलातली मिरवणूक पेठेतून येते का, विचारलं. “परवानगीचं जरा असतं,” म्हणाला, आणि विषय बदलला.

वस्तीतल्या एका आजींना विचारलं तर त्या हसल्या. “महाराज आमचेच हायेत बाई. पालखीच त्यांची हाय.”

‘अठरापगड’ आणि ‘बारा बलुतेदार’ हे शब्द आपण फार प्रेमाने वापरतो, जणू ते समतेचे पर्यायी शब्द आहेत. बलुतेदारी ही जातीच्या श्रमाची व्यवस्था होती: कुणी काय करायचं, कुणाच्या दारात उभं राहायचं आणि धान्याच्या राशीतून कुणी कितवं उचलायचं हे ठरवणारी. सगळ्या जातींनी स्वराज्यासाठी रक्त सांडलं हे खरंच आहे, आणि ते सांगायलाच हवं. पण सांगताना प्रत्येक जातीला एकेक वीर वाटून द्यायचा आणि जागा जिथल्या तिथे ठेवायच्या, हा फ्लेक्सवरचा गावगाडाच झाला. राज्याभिषेकाच्या वेळच्या अष्टप्रधानांतही सेनापती हंबीरराव मोहिते सोडले तर बाकी सातही ब्राह्मण होते. लढायला अठरापगड आणि मसलतीला एकच पगडी, हे त्या व्यवस्थेचं चित्र होतं. त्या चौकटीत राहूनही महाराजांनी रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका म्हणून बजावलं, वतनदारांना वेसण घातली. म्हणूनच जोतीराव फुल्यांना १८६९ साली त्यांच्यावर पोवाडा रचावासा वाटला, ‘कुळवाडीभूषण’ म्हणावंसं वाटलं. जोतीरावांनी त्यांना क्षत्रिय ठरवण्यात वेळ घालवला नाही, कुळवाड्यांचा म्हणून उचलून धरलं.

आणि त्याच कुळवाड्याची लेकरं आज कुणबी नोंद शोधत दप्तरं धुंडाळत आहेत. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकालीन आणि इतर जुन्या कागदांतून या नोंदी काढते आहे. माझ्या गावांत एकाच चौकात एक फलक ९६ कुळींचा आणि शेजारी दुसरा कुणबी दाखल्याच्या शिबिराचा दिसतो. यावर विनोद करणाऱ्यांची कमी नाही. मला त्यात विनोद दिसत नाही. पडलेला शेतीचा भाव, तुकडे झालेली जमीन आणि बिनानोकरीचा पदवीधर मुलगा ही खरी दुःखं आहेत. ओबीसींची भीतीही खरी आहे. मला फक्त एवढंच दिसतं, की तेव्हा वरची वंशावळ काशीच्या पंडिताकडून मिळवावी लागली आणि आता खालची नोंद तहसीलदाराकडून. दुसरी नोंद संविधानाच्या भाषेत मागितली जाते, मागासलेपण हे पाप नसून अन्याय आहे असं मानणाऱ्या भाषेत. ती मागताना पहिलीचा तोरा मिरवत वस्तीच्या वेशीवरून पालखी परत फिरवणं, या दोन गोष्टी एका अंगात फार काळ राहू शकत नाहीत. कुठली सोडायची ते त्या तरुणांनीच ठरवायचं आहे.

कारण हे नुसतं इतिहासाचं भांडण नाही. २ जून २०२३ ला रायगडावर शासनाचा सोहळा झाला, पंतप्रधानांचा संदेश दाखवला गेला. त्याच्या आदल्या संध्याकाळी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका चोवीस वर्षांच्या बौद्ध तरुणाला वरातीतल्या जमावाने भोसकून मारलं. गावात त्या वर्षी भीमजयंती साजरी केली, याचा राग त्यामागे होता असं पोलिसांतल्या तक्रारीत म्हटलं आहे. एका गावात मिरवणूक काढली म्हणून जीव जातो आणि दुसऱ्या दिवशी राज्यभर मिरवणुका निघतात. नंतर ६ जूनला कोल्हापुरात मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून वातावरण तापवलं गेलं, ७ तारखेला बंद पुकारला गेला, मुसलमानांच्या दुकानांवर दगड पडले, इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या शहरात शाहू महाराजांनी मुसलमान मुलांसाठी वसतिगृह उभं केलं, त्याच शहरात, राज्याभिषेक दिनाच्या निमित्ताने हे झालं. रयतेचा राजा म्हणून ज्याचा गजर करायचा त्याच्या नावाने रयतेतल्याच एका भागाला भीती घालायची, असा हा उत्सव झाला आहे. त्याला वापरणारे हात कुणाचे आणि दगड उचलणारी, नंतर कोर्टाच्या तारखा करणारी मुलं कुणाची, हे एफआयआरमधली आडनावं वाचली तरी कळतं.

मग उत्सव सोडून द्यावा का? आपल्यातले काही जण तसं म्हणतात: राजा कुणाचाही असो, लोकशाहीत राज्याभिषेक कशाला? तर्क म्हणून बरोबर आहे, पण त्याने वेशीपलीकडच्या आजींच्या ‘महाराज आमचेच हायेत’ला उत्तर मिळत नाही. बाबासाहेबांनीही तसं केलं नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्यानंतर दीड महिन्यात, मे महिन्यात, त्यांनी बदलापूरच्या शिवाजी उत्सवाचं अध्यक्षपद स्वीकारलं. डिसेंबरात मनुस्मृती जाळली आणि त्या परिषदेनंतर सहकाऱ्यांसह रायगड पाहायला गेले. महाड गडापासून जवळच आहे. तळ्याचं पाणी नाकारलं जाणं आणि सप्तनद्यांच्या पाण्याचा अभिषेक, दोन्हींची जागा एका दिवसाच्या पायी वाटेवर आहे. रायगडावर ६ जूनला जाणाऱ्या किती गाड्या महाडात तळ्यापाशी थांबतात, हे मी एकदा उभं राहून मोजणार आहे.

ग्रामपंचायतीवर गुढी उभारायचा निर्णय सरकारी आहे, म्हणजे ती गुढी सगळ्या गावाची आहे आणि तिच्याबद्दल मागण्या करायचा हक्कही सगळ्या गावाचा आहे. म्हणून पुढच्या ६ जूनच्या आधी ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मांडाव्यात असं मला वाटतं. उत्सव समितीत प्रत्येक वस्तीतली माणसं, बायांसकट. हलगीवाला समितीतही बसेल आणि वाजवायचं की नाही ते तोच ठरवेल. पालखीचा रस्ता सगळ्या वस्त्यांतून. रस्ता खराब असेल तर तो आधी ग्रामपंचायतीच्या निधीतून दुरुस्त करा. आणि जो रस्ता ६ जूनला, तोच रस्ता १४ एप्रिलला, कुठल्याही वेगळ्या परवानगीशिवाय. ठराव मंजूर होवो न होवो, कोण हात वर करतं आणि कोण करत नाही, ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा. माहितीच्या अधिकारात ती दोन रुपये पानाला मिळते.